न्यूमोनिया : आधी श्वास मोजावा

पावसाळा सरून हवेत गारठा येऊ लागला, की आपणां सर्वांच्या चिकित्सालयांत ज्वर, कास व प्रतिश्याय यांच्या रुग्णांची रीघ लागते. त्यांतील बहुतेकांचा आजार साधा असतो. चार-सहा दिवसांत तो आपोआप उतरतो आणि आपले सितोपलादि, तालीसादि किंवा सुंठ-तुळशीचा काढा त्याचे श्रेय घेऊन मोकळा होतो. परंतु त्याच रांगेत एखादे बालक किंवा एखादा वृद्ध असा बसलेला असतो, की ज्याच्या फुप्फुसात व्याधीने ठाण मांडलेले असते. बाहेरून पाहता तो इतरांसारखाच दिसतो. त्याला त्या रांगेतून वेळीच वेगळा काढणे हे न्यूमोनियाच्या चिकित्सेतील पहिले आणि आमच्या मते सर्वांत मोठे काम होय. औषधयोजनेचा विचार त्यानंतरचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली जगात पाच वर्षांखालील सुमारे ७ लाख ४० हजार बालके न्यूमोनियाने दगावली. या वयातील एकूण मृत्यूंचा हा सुमारे सातवा हिस्सा आहे. ग्रामीण महाराष्ट्रात जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत पोहोचण्यापूर्वी रुग्ण ज्या दारात प्रथम थांबतो, ते दार पुष्कळदा वैद्याचे किंवा औषधी दुकानाचे असते. म्हणून हा विषय बालरोगतज्ज्ञांवर सोपवून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही.

ग्रंथांत या व्याधीचा शोध

'श्वसनक ज्वर' हा शब्द आज आपण न्यूमोनियासाठी सर्रास वापरतो. परंतु तो अर्वाचीन आहे, बृहत्त्रयीतील नव्हे. चरक, सुश्रुत किंवा वाग्भट यांत न्यूमोनियाशी एकास एक जुळणारे व्याधिनाम शोधणे व्यर्थ आहे. ज्वर, कास, श्वास आणि पार्श्वशूल एकत्र येऊन वेगाने वाढणारी अवस्था असे त्याचे चित्र ग्रंथांत विखुरलेले आढळते. कधी ते सन्निपात ज्वराच्या वर्णनात, तर कधी हिक्का-श्वासाच्या अध्यायात. या चित्राला कोणते नाव द्यावे यावर परिसंवादांतून बराच काथ्याकूट झालेला आहे. आम्हांस त्यापेक्षा चरकाचार्यांनी प्राणवह स्रोतसाच्या दुष्टीची जी लक्षणे विमानस्थानात दिली आहेत ती अधिक मोलाची वाटतात. श्वास अतिसृष्ट होणे, अतिबद्ध होणे, कुपित होणे, अल्पाल्प व अभीक्ष्ण होणे, सशब्द आणि सशूल होणे, ही ती लक्षणे. न्यूमोनियाच्या रुग्णाशेजारी उभे राहून हे शब्द एकेक करून तपासून पाहावेत. फुप्फुसातील वायुकोश द्रवाने व पुवाने भरले की श्वास खोल जाऊ शकत नाही, म्हणून तो अल्पाल्प होतो. खोलीची तूट संख्येने भरून काढावी लागते, म्हणून तो अभीक्ष्ण, म्हणजे वारंवार होतो. फुप्फुसावरणाला सूज पोहोचली की तो सशूल होतो.

श्वास मोजणे ही आधुनिक वैद्यकाची रीत आहे, आपली परीक्षा नाडीची, असे काही वैद्यमित्र म्हणतात. आम्हांस हे पटत नाही. 'अभीक्ष्ण' म्हणजे किती, हे मोजल्यावाचून कळणार कसे? योगपरंपरेने तर निरोगी मनुष्याच्या अहोरात्रातील श्वासांची संख्या २१,६०० अशी सांगून ठेवली आहे. भागाकार करून पाहावा. मिनिटाला बरोबर १५ येतात. आजचे शरीरक्रियाशास्त्र प्रौढाची विश्रांतीच्या स्थितीतील श्वसनगती मिनिटाला १२ ते २० मानते. ज्या परंपरेने श्वासाची गणना केली, तिच्या उपासकांनी घड्याळ समोर ठेवण्यास संकोच का करावा?

हिक्का आणि श्वास यांइतक्या त्वरेने प्राण हरण करणारे दुसरे व्याधी नाहीत, अशा अर्थाचा इशाराही चरकाचार्यांनी चिकित्सास्थानात देऊन ठेवला आहे. त्यातील 'त्वरा' हा भाग आपण विसरतो. न्यूमोनियाचे बालक सकाळी खेळत असते आणि रात्री अत्यवस्थ होते.

गणना कशी करावी

बालकाचे श्वास मोजण्याची रीत सोपी आहे. मात्र ती घाईने उरकण्याची नाही. मूल शांत असावे. रडत असेल किंवा अंगावर पीत असेल तेव्हा मोजू नये. आईच्या मांडीवर बसवून अंगरखा वर करावा आणि पोट किंवा छाती वर येण्याची क्रिया पूर्ण एक मिनिट मोजावी. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करण्याची सवय तान्ह्या बालकांत हमखास फसवते, कारण त्यांचा श्वास मुळातच सारख्या लयीत नसतो. दोन महिन्यांहून लहान बालकात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० किंवा अधिक श्वास भरल्यास तो जलद समजावा. खोकल्याच्या बालकात असा जलद श्वास आढळला तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत न्यूमोनियाच मानावा. दोन महिन्यांखालील बालकात गणना ६० वर गेली तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी. ज्वर तीव्र असेल तर केवळ ज्वरामुळेही श्वास वाढतो. म्हणून ज्वर उतरल्यावर फेरगणना करावी. याची उलट बाजू अधिक महत्त्वाची आहे. ज्वर उतरला, घाम आला, मूल थोडे हसले, पण श्वास ५५ चा ५५ च राहिला, तर आजार उतरलेला नाही, केवळ ताप उतरला आहे.

स्टेथोस्कोपवर विसंबून राहणेही तितकेच धोक्याचे. प्रौढात फुप्फुसाच्या एका भागावर बारीक बुडबुड्यांसारखा ध्वनी सहज मिळतो. तान्ह्या बालकात तो पुष्कळदा मिळतच नाही. छाती 'स्वच्छ' ऐकू आली म्हणून श्वासांची वाढलेली संख्या दुर्लक्षू नये.

या साध्या गणनेने काय साधते याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ५८ गावांत आरोग्यदूत, सुइणी आणि निमवैद्यकीय कर्मचारी यांना बालकांचा न्यूमोनिया ओळखण्याचे व तोंडावाटे प्रतिजैविक देण्याचे शिक्षण दिले. त्यांनी उपचार केलेल्या ६१२ न्यूमोनियांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के राहिले. शेजारच्या तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. हे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्यांना मोजता येत नव्हते अशा सुइणींसाठी या दांपत्याने मण्यांचे एक साधन केले. वाळूचे घड्याळ उलटे करायचे, दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. एक ओळ दोन महिन्यांखालील बालकांसाठी, दुसरी त्याहून मोठ्यांसाठी. निरक्षर सुईण जे करू शकली, ते पदवीधर वैद्याला जड जाऊ नये.

पोट उडते म्हणजे काय

आई 'न्यूमोनिया' हा शब्द घेऊन येत नाही. ती म्हणते, "बाळाचं पोट उडतंय." कोणी 'छाती भरली' म्हणते, कोणी 'धाप लागली', कुठे 'डबा झाला' असे म्हणतात. हे शब्द कानांवर पडताच वैद्याने हातातील लेखणी खाली ठेवून बालकाचे अंग उघडे करून पाहावे. फुप्फुस कडक झाले की श्वास आत घेण्यासाठी श्वासपटलाला जोर लावावा लागतो. त्या जोराने पोट पुढे येते आणि छातीच्या खालच्या बरगड्या मात्र आत खेचल्या जातात. निरोगी बालकात श्वास घेताना छाती व पोट दोन्ही वर येतात. येथे त्यांची चाल परस्परविरुद्ध होते. बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला पडणारा हा खळगा तीव्र न्यूमोनियाचे चिन्ह आहे.

आईची नजर पोटावर खिळते आणि येथेच अनर्थाचे मूळ आहे. रोग छातीत, उपचार मात्र पोटावर! मेळघाटात बालकाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याचा 'डंभा' नावाचा अघोरी प्रकार अजून थांबलेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील अवघ्या २२ दिवसांच्या बालकाला असे ६५ चटके दिल्याची घटना उघडकीस आली. अशा बातम्यांवर आपण 'अंधश्रद्धा' म्हणून हळहळतो. पण आपल्या परंपरेशी त्याचा धागा जुळतो हे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. आपल्या उत्तरकालीन ग्रंथांत 'उत्फुल्लिका' नावाचा बालरोग वर्णिला आहे. कुक्षी फुगणे व श्वास ही त्याची लक्षणे, आणि त्याच्या चिकित्सेत दाहकर्माचाही उल्लेख येतो. त्या काळी प्रतिजैविक नव्हते, ऑक्सिजन नव्हता; वैद्यापाशी होते ते त्याने वापरले. आज मात्र उत्फुल्लिकेचा आधार देऊन तान्ह्या बालकावर अग्निकर्माचे समर्थन कोणी करू लागला, तर त्याला आपल्याच व्यासपीठावरून स्पष्ट विरोध झाला पाहिजे. भाजलेल्या जागी जंतुसंसर्ग होऊन रक्तात जिवाणू पसरणे ही त्या बालकाच्या दृष्टीने दुसरी प्राणघातक आपत्ती असते, आणि दवाखान्यात नेण्याचे मोलाचे दोन दिवस चटक्यांच्या भरवशावर वाया जातात ते वेगळेच.

बरगड्यांचा खळगा, दूध वा पाणी पिता न येणे, प्रत्येक घोटाला उलटी, आचके, मूल सुस्त होऊन जागे न होणे, श्वासाबरोबर कण्हणे, ओठ वा जीभ निळसर दिसणे, यांपैकी एकही चिन्ह आढळले तर बालकाला तत्काळ रुग्णालयात पाठवावे. दोन महिन्यांखालील बालकाच्या बाबतीत केवळ जलद श्वास हेही कारण पुरेसे आहे. या वयात ज्वर असेलच असे नाही. उलट अंग गार पडणे हे अधिक भीतिदायक चिन्ह होय. पाठवताना बाळ आईच्या अंगाशी उबेत ठेवावे, पिऊ शकत असेल तर स्तनपान चालू ठेवावे, आणि मोजलेली श्वाससंख्या व वेळ चिठ्ठीवर लिहून द्यावी. ही चिठ्ठी पुढच्या डॉक्टरला फार उपयोगी पडते, असा आमचा अनुभव आहे. 'पुढे दाखवा' एवढेच तोंडी सांगितलेला रुग्ण पुष्कळदा घरीच परततो.

वृद्धांचा न्यूमोनिया

बालकाचा न्यूमोनिया गडबड करतो. वृद्धाचा मुकाट्याने येतो. ज्वर नाही, खोकला जेमतेम, आणि घरची माणसे सांगतात ते एवढेच, की आजोबा कालपासून जेवत नाहीत, काहीतरी असंबद्ध बोलतात. हा वातप्रकोप किंवा वार्धक्य समजून सोडून देऊ नये. येथेही घड्याळ कामी येते. मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास, नव्याने आलेला बुद्धिभ्रम, रक्तदाबाचा वरचा आकडा ९० च्या खाली किंवा खालचा ६० वा त्याहून कमी, आणि वय ६५ वा अधिक, या चार गोष्टींना प्रत्येकी एक गुण द्यावा. शून्य गुण असतील तर घरी राहून चिकित्सा शक्य असते. एक-दोन असतील तर रुग्णालयाचा सल्ला घ्यावा. तीन वा चार असतील तर गाडी बोलवावी. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा जुना श्वासविकार असलेल्या रुग्णाला मात्र या गुणांच्या हिशेबावर न सोडता लवकर पाठवणेच इष्ट.

कोविडच्या साथीने बोटावर लावायचे पल्स ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचवले. रक्तातील ऑक्सिजन पुष्कळ घसरलेला असतानाही रुग्ण शांतपणे बोलू शकतो, हे २०२० व २०२१ साली सर्वांनी पाहिले. ज्या प्रौढाला पूर्वीचा फुप्फुसविकार नाही त्याचा आकडा ९४ च्या खाली आल्यास त्याला घरी ठेवू नये; कोणत्याही वयात ९० च्या खालचा आकडा म्हणजे आणीबाणी. बोट गार असेल किंवा नखाला गडद रंग असेल तर आकडा फसवा येतो, आणि प्रौढांचा चिमटा तान्ह्या बालकाच्या बोटावर बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आणखी एक व्याधी न्यूमोनियाच्या वेषात येते, ती म्हणजे राजयक्ष्मा. दोन आठवड्यांहून जुना खोकला, सायंकाळचा ज्वर व वजनातील घट दिसली तर बेडक्याची तपासणी झाल्यावाचून कासाचे औषध चालू ठेवू नये.

आपल्या औषधांचे स्थान

जिवाणूजन्य न्यूमोनियात प्रतिजैविक हीच जीव वाचवणारी मुख्य चिकित्सा आहे आणि ऑक्सिजन घसरलेल्या रुग्णाला ऑक्सिजन. पाच वर्षांखालील बालकाच्या साध्या न्यूमोनियात तोंडावाटे द्यावयाचे अमॉक्सिसिलिन आजही पहिल्या पसंतीचे आहे. ते किती व कोणी द्यावे याच्या कायदेशीर मर्यादा आपण जाणतोच. ज्याला ते देण्याचा अधिकार वा अभ्यास नाही त्याने रुग्ण पाठवावा. केवळ काष्ठौषधी किंवा रसौषधींवर न्यूमोनियाचा रुग्ण चार दिवस 'पाहू' म्हणून ठेवणे आम्हांस शास्त्रसंमत वाटत नाही. आशुकारी व्याधीत कालक्षेप टाळावा ही शिकवण आपलीच आहे.

याहून घातक प्रथा म्हणजे तापावर दिली जाणारी स्टिरॉइडची सुई. तिने दोन तासांत ज्वर उतरतो, रुग्ण भूक लागली म्हणतो, वैद्याचे नाव होते. आणि आत जंतूंना मोकळे रान मिळते. वेष्टनावर नाव नसलेल्या 'दम्याच्या पुड्यां'विषयी वेगळे सांगणे नको.

मग आयुर्वेदाला येथे काहीच काम नाही काय? पुष्कळ आहे, मात्र त्याच्या जागी. ज्वराच्या आमावस्थेत लघु आहार, मुगाचे कढण, पेया आणि मुस्ता, पर्पटक, उशीर, चंदन, उदीच्य व नागर यांचे षडंगपानीय ही योजना प्रतिजैविकाच्या जोडीने सुखेनैव चालते. जलद श्वासाने व ज्वराने शरीरातील पाणी आटते, तेव्हा हे पानीय घोट-घोट देण्याचा लाभ उघड आहे. लंघन मात्र तान्ह्या बालकाला नाही; स्तनपान वाढवावे. पार्श्वशूल व श्वास यांवर दशमूळ आणि पुष्करमूळ, कफ सुटू लागल्यावर अडुळसा, हे परिचित उपाय होत. हिक्का, श्वास, कास व पार्श्वशूल हरण करणाऱ्या द्रव्यांत चरकाचार्यांनी पुष्करमूळ अग्र्य मानले आहे. छातीला सैंधवयुक्त तेल लावून स्वेदन हा श्वासचिकित्सेतला प्रसिद्ध उपक्रम. परंतु नवज्वरात अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे, याचा विसर पडू देऊ नये. अंग तापाने फणफणत असताना शेक-मालिशीचा आग्रह धरणारे वैद्य एक सूत्र पाळताना दुसरे मोडतात.

त्रिभुवनकीर्तीविषयी दोन शब्द. हा उत्तम ज्वरघ्न कल्प आहे. पण त्यात हिंगूळ व वत्सनाभ आहेत. नाडी मंद व बल क्षीण असलेल्या वृद्धाला किंवा हृद्रोग्याला तो हात राखूनच द्यावा, आणि तो देऊन घाम आल्यावर श्वास पुन्हा मोजावा. सितोपलादीचे प्रमाण आठवावे : खडीसाखर १६, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. एकतीस भागांत सोळा भाग साखर! मधुमेही वृद्धाला दिवसातून चार वेळा मधातून ते चाटवताना हा हिशेब मनात असू द्यावा. एक वर्षाखालील बालकाला मध अजिबात देऊ नये, कारण मधातील काही जिवाणूंच्या बीजांपासून या वयात अंगघात करणारे विष निर्माण होऊ शकते. मधाच्या बोटाची रूढी जुनी असली तरी येथे अनुपान बदलणेच योग्य. मातेचे दूध हे अनुपान आपल्याला परके नाही.

तेल, धुरी आणि न्हाणीघर

न्यूमोनियाची काही कारणे आपण आपल्या हाताने निर्माण करतो. रडणाऱ्या बालकाच्या नाकात तेलाचे वा तुपाचे थेंब सोडणे हे त्यांतील ठळक होय. स्निग्ध द्रव्य श्वासनलिकेत गेले तर खोकल्याची प्रतिक्रिया उमटतेच असे नाही. ते निमूटपणे फुप्फुसात उतरते आणि तेथे चिवट शोथ निर्माण करते. त्याला स्नेहजन्य न्यूमोनिया म्हणतात व त्यावर प्रतिजैविक चालत नाही. मूल पाय दाबून आडवे धरून एरंडेल पाजणे किंवा न्हाऊ घालताना नाकात तेल फुंकणे हे याच जातीचे प्रकार आहेत. वाग्भटांनी नस्यासाठी सात वर्षांखालचे व ऐंशी वर्षांवरचे वय वर्ज्य ठरवले आहे. प्रतिमर्श आजन्म सांगितला आहे हे खरे. पण तो बोटाच्या टोकाने नाकपुडीला लावण्याइतका सूक्ष्म आहे. त्याचा आधार घेऊन तान्ह्याच्या नाकात ड्रॉपर धरणे हा शास्त्राचा विपर्यास होय.

धुरीचेही असेच. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवून ओवा, शेपा, धूप यांचा धूर कोंडायचा आणि बाळ त्यावर धरायचे ही प्रथा अनेक घरांत आहे. चरकाच्या शारीरस्थानात कुमाराच्या संदर्भात धूपन सांगितले आहे ते वस्त्रे, शय्या, आस्तरण व प्रावरण यांचे. कापडे धुपवावीत, बाळ नव्हे. चुलीच्या धुराने बालकांत न्यूमोनिया वाढतो हे आता निर्विवाद झाले आहे. उज्ज्वला योजनेची गॅसजोडणी घरात असूनही आंघोळीचे पाणी चुलीवरच तापवले जात असेल आणि बाळ तेथेच निजवले जात असेल, तर वैद्याने ते विचारून घ्यावे.

औषधी दुकानदारांसाठी

आपल्या वाचकांतील औषधनिर्माते व दुकानदार यांच्यासाठी काही गोष्टी मुद्दाम मांडतो. तालीसपत्र म्हणून बाजारात दोन वनस्पती येतात. खरे तालीस हे देवदारसदृश वृक्षाचे पान. त्याच्या नावाखाली थुनेराचे पान आले तर ते हृदयाला विषारी असते. दिसण्यात साम्य असल्याने नमुना तपासल्यावाचून माल उतरवून घेऊ नये. पुष्करमुळाच्या जागी कुष्ठ येते. वंशलोचन तर बहुतेक ठिकाणी कृत्रिमच मिळते. ज्या सितोपलादीतून बांबूही गेला, त्यात उरली ती खडीसाखरच.

वत्सनाभ, हिंगूळ, धोत्रा अशी द्रव्ये असलेल्या कल्पांवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापणे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या 'ई-१' अनुसूचीने बंधनकारक केले आहे. ती सूचना वेष्टनावर असते आणि गोळ्या मात्र काउंटरवर सुट्या विकल्या जातात, हे थांबायला हवे. ज्या दुकानांत ॲलोपॅथिक औषधेही आहेत त्यांनी 'एच-१' अनुसूचीचे भान ठेवावे. मार्च २०१४ पासून सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सॅसिन यांसारखी प्रतिजैविके चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत आणि विक्रीची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपावी लागते.

खोकल्याच्या औषधांविषयी २०२५ च्या शरद ऋतूत मध्य प्रदेशातील छिंदवाड्याने जो धडा दिला तो विसरता येण्यासारखा नाही. डायएथिलीन ग्लायकोल या विषारी द्रावकाने दूषित झालेल्या खोकल्याच्या सिरपमुळे वीसहून अधिक बालकांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती दगावली. त्यांतील अनेक उपचारांसाठी नागपुरात आणली गेली होती. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील बालकांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सामान्यतः टाळावीत असे पुन्हा बजावले. न्यूमोनियाच्या दृष्टीने खोकला दाबणारे औषध तसेही अहितकर, कारण कफ बाहेर टाकणारा वेगच ते रोखते. "बाळाला खोकल्याची एक बाटली द्या" असे म्हणणाऱ्या बापाला दुकानदाराने एकच प्रश्न विचारावा : श्वास जोरात चालतो का, पोट उडते का? उत्तर होकारार्थी आले तर बाटली न देता दवाखान्याचा रस्ता दाखवावा.

प्रतिबंध आणि उत्तरकाल

पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान, सकस आहार, धूरमुक्त घर, हात धुणे हे प्रतिबंधाचे उपाय सर्वज्ञात आहेत. लसीकरणाबद्दल मात्र आपल्यातील काहींची भूमिका अजून संदिग्ध असते, म्हणून स्पष्ट लिहितो. हिमोफिलस इन्फ्लुएंझा 'ब' या जिवाणूविरुद्धची लस पंचगुणी लशीतून शासकीय कार्यक्रमात २०११ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने आली. न्यूमोकोकसविरुद्धची लस २०१७ पासून काही राज्यांत व २०२१ पासून देशभर विनामूल्य मिळते. दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने अशा तिच्या तीन मात्रा आहेत. गोवराची लसही न्यूमोनियाचीच लस समजावी, कारण गोवराने दगावणारी बालके बहुधा न्यूमोनियाने दगावतात. सुवर्णप्राशनाच्या शिबिरांत येणाऱ्या प्रत्येक बालकाचे लसीकरण पत्रक पाहण्याची पद्धत आपण पाडली, तर पुष्य नक्षत्राचा तो दिवस दुहेरी उपयोगाचा होईल. वृद्ध, मधुमेही व दमेकऱ्यांनी दरवर्षी इन्फ्लुएंझाची लस घेणे हितावह असते.

व्याधी उतरल्यानंतरचा काळ हे मात्र आपले खास क्षेत्र आहे आणि तेथे रुग्णाला दुसरे कोणी फारसे विचारतही नाही. न्यूमोनियानंतर ज्वर आठवड्यात जातो. थकवा व खोकला कित्येक आठवडे रेंगाळतो. ज्वरमुक्ताने बल परत येईपर्यंत व्यायाम, फार चालणे व अकाली स्नान टाळावे हा चरकोक्त नियम कारखान्यात वा शेतात कामाला जाणाऱ्या रुग्णाला समजावून सांगावा लागतो. अग्नी सुधारल्यावर अगस्त्य हरीतकी, च्यवनप्राश किंवा दुधासह वर्धमान पिप्पली प्रकृतीनुसार द्यावी. अग्नी मंद असताना रसायन देऊ नये. बालकाचे वजन दर पंधरवड्याने नोंदवावे. पन्नाशी उलटलेला वा धूम्रपान करणारा रुग्ण असेल, किंवा सहा आठवड्यांनंतरही लक्षणे उरली असतील, तर छातीचा एक्स-रे पुन्हा काढवून घ्यावा. पहिल्या एक्स-रेतील सावली तेव्हाही कायम दिसली, तर राजयक्ष्मा किंवा फुप्फुसाचा अर्बुद यांचा शोध घेण्यासाठी रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवावे.